साठ ओळींची चौकट

हिंगणघाटच्या नाक्यावर चहाच्या टपरीसमोर एक लाकडी बाक होता. त्या बाकावर एक माणूस रोज संध्याकाळी पाच ते सहा ट्रकचे नंबर लिहीत बसायचा. पांढरा शर्ट, करडी पँट, मांडीवर लांबोडकी वही. नागपूरकडून हैदराबादकडे जाणारा ट्रक आला की मान वर, गेला की मान खाली. ट्रकवाल्यांना तो आरटीओचा माणूस वाटे. एकदा एका ड्रायव्हरने गाडी बाजूला लावली, खाली उतरून हात जोडले आणि म्हणाला, "साहब, कागज सब पूरे हैं." वर टपरीवाल्याला साहेबांसाठी स्पेशल चहा सांगितला. त्या माणसाने तो चहा परत पाठवला, तेव्हा ड्रायव्हर जास्तच घाबरला.

हा माणूस म्हणजे आमच्या कॉलेजातल्या गणित विभागाचे प्रमुख. विभागात माणसं दोनच, एक ते आणि एक मी, त्यामुळे प्रमुखपणाचा थाट फारसा नव्हता. मी आर्वी तालुक्यातल्या रोहण्याची, नुकतीच एम.एस्सी. झालेली, तासिका तत्त्वावर लागलेली आणि तोंडाने फटकळ. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "सर, तुमी ट्रक काऊन मोजता?"

"मोजत नाई. शेवटचा आकडा पाह्यतो. विषम आला तं अधिक एक, सम आला तं उणे एक."

"मंग घरी बसून नाणं उडवा न."

"नाणं मी उडवतो न, मॅडम. त्यात माहा अंगठा येते. ट्रक मी उडवत नाई."

हे उत्तर त्यांनी इतक्या गंभीरपणे दिलं की मला हसूही आलं नाही. पुढे कळलं की ते विनोद करतच नसत. लोक हसले की त्यांना वाटायचं आपलं वाक्य कुठेतरी चुकलं, आणि ते तेच वाक्य पुन्हा, सावकाश म्हणायचे.

ते अधिक-उणे एका चौकटीत भरायचे. वीस ओळी, वीस रकाने. मग तीस, मग चाळीस. अशा चौकटीला आम्ही मॅट्रिक्स म्हणतो. प्रत्येक चौकटीच्या पोटात तिच्या स्वतःच्या अशा काही संख्या असतात, जितक्या ओळी तितक्या. त्या काढायला मेहनत लागते, पण काढून एका रेषेवर मांडल्या की एक नवल दिसतं. चौकट कशीही, नशिबाने आलेल्या आकड्यांनी भरलेली असो, ती पुरेशी मोठी असली की त्या संख्या मधे दाट, कडेला विरळ अशा बसतात आणि त्यांचा आकार अर्ध्या वर्तुळाचा होतो. सर एकदा टपरीवाल्याला हे समजावताना मी ऐकलं आहे. टपरीवाल्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे माह्या टपरीसमोरून अर्धा गोल जाऊन राह्यला का?" सर म्हणाले, "हो. रोज." त्यांना तो माणूस प्राचार्यांपेक्षा हुशार वाटायचा आणि हे त्यांनी प्राचार्यांना सांगितलंही होतं.

स्टाफरूममध्ये गोल टेबल होतं. मधल्या सुट्टीत आम्ही आठजण बसायचो आणि जो तो कुणाशी तरी बोलायचा. सर कुणाशीच बोलत नसत. ते कोण कुणाशी बोलतंय ते पाहायचे, कागदावर वर्तुळ काढायचे, त्यावर बोलणाऱ्यांचे ठिपके द्यायचे आणि रेघांनी जोडायचे. रेघा एकमेकींना छेदल्या नाहीत तर खूश. दोघांच्या बोलण्याच्या आडून तिसरा पलीकडच्या चौथ्याशी बोलू लागला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. कधी कधी ते सरळ म्हणायचे, "भौतिकशास्त्र, तुमी इकडं येऊन बसा, रेघ कटून राह्यली." त्यांच्यासाठी आम्ही सगळे विषयांच्या नावानेच होतो. भौतिकशास्त्र चिडायचं, पण उठून बसायचं.

यामागे वेड नव्हतं, त्यांचं कामच तसं होतं. ते मला एकदा ग्रंथालयाच्या पायरीवर बसून म्हणाले, "साध्या आकड्यायच्या जगात तीन गुणिले पाच, पाच गुणिले तीन, सारखंच. तिथं दोन गोष्टीचा एकमेकीशी संबंध नाई म्हंजे काय, हे पोट्टं बी सांगन. पण चौकटीयच्या जगात क्रम बदलला का उत्तर बदलते. मंग तिथं संबंध नाई, हे म्हणायचं कसं?" मी म्हटलं, मला नाही माहीत. "त्याले मोकळं असणं म्हणतेत. दोन चौकटी मोकळ्या हाये का नाई, थे या रेघायवरून कळते. ज्या रेघा एकमेकीले काटते, त्या मोठ्या चौकटीत विरून जाते. ज्या काटत नाई, त्याच उरते." मग म्हणाले, "अन् त्याच्याही पुढं एक भूमिती हाये. तिथं जागा असते, पण बिंदू नसते. बोट ठेवाले ठिकाणच नाई." हे सांगताना त्यांचा चेहरा जो उजळायचा तो मी दुसऱ्या कशानेही उजळलेला पाहिला नाही.

बी.एस्सी.च्या पोरांना क्रमाची गोष्ट शिकवायची त्यांची तऱ्हा सगळ्या गावाला ठाऊक होती. वर्गात यायचे, फळा पुसायचे, मग त्यावर एक समीकरण लिहायचे. पोरं उतरवून घ्यायची. मग क्रम उलटा, आधी तेच समीकरण लिहायचे आणि नंतर फळा पुसायचे. "कामं दोनच केली. लिवलं अन् पुसलं. आता फळ्यावर काय राह्यलं थे पाहा." एवढं बोलून तास संपवायचे. घंटा व्हायला चाळीस मिनिटं असली तरी.

घरीही तेच. काकू, म्हणजे त्यांची बायको, मला पहिल्या भेटीतच म्हणाल्या, "ह्यायले सांगतलं का न्हाणीत साप निघाला, तं हे विचारते, चहा ठेवायच्या आंधी निघाला का मांगून." त्या दिवशी सापाला शेजारच्यांनी मारलं होतं. सर तोवर चहा पीत क्रम लावत होते.

काकूंनीच मला दुसरी एक गोष्ट सांगितली, तीही चेष्टेच्याच सुरात, पण सांगताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. सरांनी तरुणपणी नागपूरला पीएच.डी.चा प्रबंध दिला होता. परीक्षकांनी तो पास केला. पदवी मिळायला दीड महिना उरला असताना सरांना एकसष्टाव्या पानावर स्वतःची चूक सापडली. इतर कुणाला ती दिसली नव्हती, दिसणारही नव्हती. सरांनी विद्यापीठाला पत्र लिहून प्रबंध मागे घेतला. मार्गदर्शक त्यांच्याशी पुन्हा बोलले नाहीत. सरांच्या मागून लागलेली माणसं डॉक्टर झाली, रीडर झाली, प्राचार्य झाली. सर लेक्चरर लागले आणि लेक्चररच राहिले. "एक पान काढून टाकलं असतं तं चाललं असतं म्हणे," काकू म्हणाल्या. "मी तेच म्हटलं होतं. आठ दिवस जेवले नाई माह्या हातचं."

म्हणून मला नीट समजलं पाहिजे होतं, आपण कुठल्या माणसाबरोबर काम करतो आहोत ते. मला समजलंही होतं. अज्ञानामुळे माझ्या हातून काही झालं असं मला म्हणता येत नाही.

ट्रक कशासाठी, तेही सांगते. नाण्याचं प्रत्येक पडणं वेगळं, आधीच्याशी त्याचा संबंध नाही. त्या चौकटींचं गणित जगात होऊन गेलं होतं. पण एकाच मालकाचे चार ट्रक नंबरवारीने घेतलेले असतात आणि एकामागे एक चालतात. म्हणजे शेजारच्या आकड्यांत थोडे लागेबांधे असतात. इतके लागेबांधे असूनही अर्धवर्तुळ टिकतं, आणि त्याच्या बाहेर एकही संख्या पळत नाही, हे सरांनी सिद्ध केलं होतं. हिंगणघाटात बसून, कॉलेजात एकही परदेशी मासिक येत नसताना. त्यात त्यांची बारा वर्षं गेली. पस्तीस पानांचा तो लेख त्यांनी बाहेरदेशच्या एका मासिकाकडे पाठवला. दहा महिन्यांनी उत्तर आलं. लेख परीक्षकांना आवडला होता. फक्त शेवटी एक मोठं उदाहरण जोडा, इतकंच त्यांचं म्हणणं होतं.

सरांनी साठ ओळींची चौकट घ्यायची ठरवली. साठ साठे छत्तीसशे, पण कर्णाच्या अलीकडे पलीकडे तेच आकडे असल्याने भरायचे फक्त अठराशे तीस. पहिल्या ओळीत साठ, दुसरीत एकोणसाठ, अशा ओळी आखूड होत जातात. एकोणतीस ओळी झाल्या आणि एका संध्याकाळी सर टपरीवरून तसेच उठून माझ्या खोलीवर आले. दारातच उभे राहून म्हणाले, "मॅडम, आज तीन का आठ, थे मले कळलं नाई."

मोतीबिंदू होता. त्यांनी त्या दिवसाची ओळ रद्द केली, पूर्वीच्या ओळींपैकी शंकेची एकही नाही याची खात्री केली आणि सावंगीच्या दवाखान्यात नाव घातलं. ऑपरेशन, मग दुसरा डोळा, मग धूळ टाळायची, म्हणजे दोन महिने हायवे बंद. मासिकाला उत्तर द्यायची मुदत त्याच्या आत संपत होती. उरलेले चारशे शहाण्णव आकडे त्यांनी माझ्यावर सोपवले. सावंगीला मी भेटायला गेले तेव्हा डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि त्या पट्टीच्या आतून मला सूचना: "ट्रकच घ्याजा, टेम्पो नाई. एकही सोडजा नका. मन लागत नसन तं उठून जाजा, पण अंदाजानं लिवजा नका."

मी पहिल्या दिवशी गेले. सव्वीस वर्षांची बाई, हायवेच्या टपरीवर, एकटी, हातात वही. सरांना आरटीओवाला समजणाऱ्या लोकांनी मला काय समजावं? एक क्लीनर येऊन बाकावर माझ्या शेजारी बसला. दुसऱ्याने ट्रकमधूनच काहीतरी ओरडून विचारलं आणि टपरीवर सगळे हसले. टपरीवाला चांगला माणूस होता, तो म्हणाला, "ताई, तुमी घरी जा. हे काम तुमचं नोहे." मी छत्तीस ट्रक लिहिले आणि घरी आले. राग आला होता, त्यांचाही आणि सरांचाही. एका बाईला त्या बाकावर बसवताना काय होईल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगायला हवं होतं. ते म्हणाले असते, राहू द्या. मुदत गेली असती, त्यांनी मासिकाकडे वाढवून मागितली असती, कदाचित मिळालीही असती. पण मला नेमकं तेच "राहू द्या" ऐकायचं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात कायम जागेची मुलाखत होती, समितीवर सर होते आणि विभागात कामाला पक्की म्हणून माझं नाव व्हावं असं मला वाटत होतं. मी खोलीवर बसून उरलेले चारशे साठ आकडे मनाने लिहिले. तीन दुपारी लागल्या. अधिक, उणे, अधिक, उणे. दोन अधिक लागोपाठ आले की मलाच संशय यायचा, मग मी तिसरा उणे करायची. आणि प्रत्येक ओळ अधिकाने सुरू केली. आमच्या घरी कोरं पान उण्याने सुरू करत नाहीत. वर श्री लिहिल्याशिवाय माझ्या बापाने भाजीची यादीसुद्धा केलेली नाही. ते मी मुद्दाम केलं नाही, हात तसाच चालला. मग सगळं स्वच्छ अक्षरात उतरवून सरांना दिलं.

त्यांनी दोन्ही हातांनी ती वही घेतली. लेखाच्या शेवटी आभार मानले होते, तिथे माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, घातलेलं मी पाहिलं.

गावात तेव्हा नवा कॉम्प्युटर क्लास निघाला होता. तिथून सर छापील लांब कागद घेऊन आले. तो त्यांनी स्टाफरूमच्या गोल टेबलावर उलगडला आणि मला बोलावलं. साठ संख्या. एकोणसाठ साडेपंधराच्या आत, म्हणजे अर्धवर्तुळाच्या कडेच्या आत, अगदी नीट. एक एकोणिसापाशी, एकटी.

"एक सुटला," सर म्हणाले.

मी म्हटलं, मशीन चुकलं असेल. ते म्हणाले, असू शकते. आणि त्या एका संख्येचा हिशेब त्यांनी हाताने करायला घेतला. साठ आकड्यांची ओळ घ्यायची, चौकटीतून काढायची, जे आलं ते पुन्हा चौकटीतून काढायचं, असं वीस-पंचवीस वेळा. मासिकाला थोडं थांबा असं कळवून नवीन डोळ्यांनी दीड महिना ते हेच करत होते. उत्तर एकोणीसच आलं. मग त्यांनी स्वतःच्या एकोणतीस ओळी टपरीवरच्या कच्च्या वहीशी तीन वेळा ताडून पाहिल्या. माझी कच्ची वही मात्र त्यांनी मागितली नाही. ते ती मागतील याची मी वाट पाहत होते, मागितली असती तर मला बोलावंच लागलं असतं. शेवटी न राहवून मीच म्हटलं, "सर, माह्यावाले आकडे बी तपासता का?" ते म्हणाले, "तुमी तिथं बसून लिवले. तुमचे तपासणं म्हंजे तुमाले खोटं पाडणं. मी नाई करणार."

मी म्हटलं, दुसरी चौकट घेऊ. पुन्हा भरू. ते चिडले. "हवं थे उत्तर येईपर्यंत मोजत राह्यनं, त्याले चोरी म्हणतेत. हे योगायोगानं व्हाची शक्यता किती, थे मी काढलं हाये. होऊ शकत नाई. म्हंजे सिद्धतेत भोक हाये. रस्ता खोटं नाई बोलत, मॅडम. मीच बोललो असन."

हे ते त्यांच्या घरी, जमिनीवर पसरलेल्या कागदांच्या मधे बसून म्हणाले. काकूंनी पोह्याची बशी माझ्या हातात दिली होती. बोलायचं तर तीच वेळ होती. मुलाखत तीन आठवड्यांवर होती. मी पोहे खाल्ले.

मासिकाला लेख मागे घेतल्याचं पत्र त्यांनी इंग्रजीत लिहिलं आणि भाषा तपासायला माझ्याकडे दिलं. "माझ्या सिद्धतेत एक दोष आहे, तो मला अजून सापडलेला नाही, पण तो आहे याचा पुरावा माझ्याजवळ आहे," अशा अर्थाचं ते पत्र होतं. मी त्यातलं एक क्रियापद सुधारलं आणि दोन ठिकाणी स्वल्पविराम दिले. मग आम्ही दोघं पोस्टात गेलो. तिकीट मी चिकटवलं.

मुलाखतीत सरांनी माझ्याबद्दल जे लिहून दिलं, ते वाचून प्राचार्य मला म्हणाले, या माणसाने आजवर कुणाबद्दल इतकं चांगलं लिहिलेलं नाही. मी कायम झाले.

नंतरची सात वर्षं सर ते भोक शोधत होते. दुसरं काहीही केलं नाही. पस्तीस पानं ओळीओळीने तपासायची, शेवटाला पोचायचं, पुन्हा पहिल्या पानावर यायचं. टपरीवर जाणं थांबलं. टपरीवाला मला विचारायचा, "सर काऊन येत नाई?" स्टाफरूममध्ये कुणी कुणाच्याही आडून बोललं तरी त्यांनी वर पाहिलं नाही, आणि भौतिकशास्त्रालासुद्धा ते बरं वाटेना. वर्गात ते पुस्तकातलं जसंच्या तसं शिकवू लागले, पूर्ण घंटा होईपर्यंत. निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात एकच वाक्य बोलले, माझं एक काम अपूर्ण आहे. लोकांना वाटलं नम्रपणा आहे. घरी काकूंवर ओरडायचे, जे त्यांनी कधी केलं नव्हतं. काकू मला म्हणाल्या, "आंधी पान सापडलं होतं तं बरं होतं. आता सापडूनच नाई राह्यलं."

सर निवृत्त झाल्यावर माझी बदली संस्थेच्या वर्ध्याच्या कॉलेजात झाली; तिथून मी दर दिवाळीला त्यांच्याकडे जायची. दर वेळी ठरवून जायची की आज सांगायचं. त्यांची प्रकृती पाहून, नाही तर काकू समोर आहेत म्हणून, नाही तर उगाच, तशीच परत यायची. खरं तर दर वर्षी सांगणं अवघड होत गेलं, कारण दर वर्षी माझ्या खोटेपणात त्यांचं आणखी एक वर्ष जमा होत होतं.

मग वर्ध्याच्या एका नेट कॅफेत मला तो लेख दिसला. दोन परदेशी माणसांनी लिहिलेला, त्या महिन्यात छापलेला. सरांचंच विधान. शेजारच्या आकड्यांत थोडे लागेबांधे असले तरी अर्धवर्तुळाबाहेर काही पळत नाही. सिद्धताही जवळजवळ तीच, त्याच न छेदणाऱ्या रेघा मोजून केलेली. मी खुर्चीवर बसून राहिले. वेळ संपली म्हणून कॅफेवाल्याने दोनदा हाक मारली. मग मी सगळी पानं छापून घेतली आणि बसने हिंगणघाटला गेले.

सरांनी चार दिवस ती वाचली. पाचव्या दिवशी निरोप आला, या. मी गेले तेव्हा ते अंगणात खाटेवर बसले होते, दोन्ही लेख मांडीवर. बरंच वाळले होते. चेहऱ्यावर मात्र कितीतरी वर्षांनी शांतपणा होता.

"भोक नव्हतंच," ते म्हणाले. "माही सिद्धता बरोबर होती. यायची अन् माही एकच हाये. माही दोन पानं आखूडच हाये." मग म्हणाले, "म्हंजे आकडे चुकले. माहा मोतीबिंदू आंधीपासूनच असन. तिनाचा आठ, आठाचा तीन, मीच केला असन, अन् मले वाटलं मले दिसून राह्यलं. दोष माह्या डोयाचाच होता."

त्यांनी तो दोष इतक्या सहज स्वतःकडे घेतला की मला खोटं पुढे रेटता आलं नाही. मी सांगितलं. टपरी, क्लीनर, छत्तीस खरे ट्रक, तीन दुपारी. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

सरांनी मांडीवरचे दोन्ही लेख खाटेवर ठेवले. मग विचारलं, "एक आड एक लिवलं?"

"बहुतेक."

"अन् ओळ? दर ओळ अधिकानंच सुरू केली?"

मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. गुडघ्यावर बोटाने काहीतरी लिहीत राहिले. मग मान हलवली. "हो. साऱ्या ओळी एकाच साच्यातल्या झाल्या, एकतीस ओळीयची तशी चौकट असन तं एकोणीस येतेच. बरोबर हाये." त्यांच्या आवाजात क्षणभर समाधान होतं, आणि ते ऐकून मला रडू आलं.

मी म्हटलं, आपण मासिकाला लिहू. तुमचं काम आधीचं आहे, त्यांच्याकडे तुमचं पत्र असेल, तारीख असेल, मी सगळं खरं लिहून देते, माझं नाव घालून.

"त्यायच्याकडं माहं पत्र हाये," ते म्हणाले. "मीच लिवलं हाये त्यात, का हे चूक हाये." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी तवाच सांगतलं असतं न, मॅडम, तं मी आठ दिवस रागावलो असतो. नवव्या दिवशी बोललो असतो."

काकू आत निघून गेल्या. मी उठले, चपला घातल्या आणि बसस्टँडवर आले.

आठ दिवस मी गेले नाही. नवव्या दिवशी, कुठल्या तोंडाने गेले ते माहीत नाही, पण गेले. दार सरांनीच उघडलं. म्हणाले, "या, बसा. ऊन लय हाये." खुर्ची पंख्याखाली सरकवली, काकूंना चहा टाकायला सांगितला. माझ्या कॉलेजात परीक्षा कधी लागणार ते विचारलं, रोहण्याला पाऊस कसा आहे ते विचारलं, बसला गर्दी होती का विचारलं. जमिनीवर एकही कागद नव्हता. मी विषय काढायचा प्रयत्न केला तेव्हा ते म्हणाले, "चहा थंडा होऊन राह्यला."

त्यानंतर ते अडीच वर्षं जगले. मी दर महिन्याला जायची आणि दर वेळी ते माझ्याशी बोलायचे, आपुलकीने, बाजारभावाचं, गुडघेदुखीचं, काकूंच्या भावाच्या नातवाचं. गणिताचा एक शब्दही ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत.